टोपलीतल्या गोगलगायी

मनूसोस,

"आईला खोकला लागला तो हिच्यामुळेच," म्हणत तू मांजरीला पोत्यात घालून खानियाच्या बंदरावर सोडून आलास. आईने जेवण सोडलं, म्हणून मी मांजरीला शोधून आणलं.

तीही खोकत होती म्हणून दाखवलं, तर जनावरांची डॉक्टर म्हणाली, "फुप्फुसात जंत आहेत. गोगलगायी खाऊन होतात. माणसाला लागत नाहीत."

पावसानंतर वेचलेल्या गोगलगायी शिजवण्याआधी पोट साफ व्हायला टोपलीत कोंड्यावर ठेवायच्या, हे तुझं काम. टोपली झाक म्हटलं की म्हणायचास, "पळून कुठे जातायत?"

औषधाने मांजरीचा खोकला गेला. आईचा तू घर सोडून गेल्यावर, तुझ्या सिगारेटींबरोबर गेला.

तुझ्या खुर्चीत आता मांजर झोपते. ईस्टरला तू येणार म्हटल्यावर आई म्हणाली, "त्याला बसायला पोतं दे."

हे पत्र टाकत नाही. पोतं धुऊन ठेवलंय.

आर्गिरो