मागच्या भिंतीचा एक फूट

१५ एप्रिल, सोमवार
छप्पर बसत नाही. आज तिसरा दिवस. हळर्णच्या गावसबाईंचं घर संगणकात उभं आहे. चिऱ्याच्या भिंती, दारं, जनेलं, सगळं झालं. वर चौपाखी छप्पर घालायला गेलं की आढ्याशी बारीक फट राहते. समोरासमोरची दोन पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत. बटण एकच, 'छप्पर करा'. करतंय कसलं!

डिचोलीच्या या ऑफिसात अठरा वर्षं झाली. नकाशे मी काढायचे, कोपऱ्यात नाव इंजिनिअर साहेबांचं. या वेळी स्वतःहून म्हणाले, "सुलभा, हें छप्पर पुराय तुजें. सही म्हजी, नांव तुजें." म्हणून तर जीव टांगणीला. हे जमलं नाही तर पुन्हा कुणी देणार नाही.

१६ एप्रिल
संध्याकाळी इब्रामपूरला, घरी. बाबा ओसरीवर. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर मेस्त, सुतारकाम. अर्ध्या पेडण्याची छपरं त्यांच्या हातची. म्हटलं, हळर्णला गावसबाईंच्या घराचं नवं छप्पर करतेय. "बरां," म्हणाले आणि रेडिओ मोठा केला. लॅपटॉपला ते 'तुजी पाटी' म्हणतात.

अडलंय म्हणून सांगितलं असतं तर? नाही सांगणार. लहानपणी दादाला दंडाला धरून आढ्यावर चढवायचे, तो रडायचा. मी चढायला तयार, तर मला खाली खिळे निवडायला बसवायचे. वाकडे या डब्यात, सरळ त्या डब्यात. चाळीस वर्षं झाली, अजून आठवलं की चरफडते.

१८ एप्रिल, गुरुवार
हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. अडलेल्याने विचारायचं, जाणत्याने सांगायचं. फाईल टाकली. दुपारपर्यंत उत्तर. कुठल्यातरी थंड देशातला निवृत्त सुतार, फोटोच्या जागी करवत. इतक्या सभ्यपणे माझ्याशी ऑफिसात कुणी बोललेलं नाही. म्हणे, तुमच्या बाजूच्या भिंती समांतर नाहीत. पुढची भिंत तीस फूट, मागची एकतीस, म्हणून फट. घर खरंच तसं आहे की मोजण्यातली चूक? काही बदलण्याआधी दोन्ही कर्ण मोजून बघा. पुढेही बरंच लिहिलं होतं.

एवढंच! सहा दिवस डोकं फोडतेय.

१९ एप्रिल
मागची भिंत मीच मोजली होती, मध्ये न्हाणी येते म्हणून दोन तुकड्यांत. बेरजेत फूट वाढला असणार. तरी खात्री नको का? सगुण मेस्ताला फोन केला. लाकूडकाम त्याच्याकडे आहे आणि जुनं छप्पर उतरवून झालंय. म्हटलं, भिंतींवरून कोपरा ते कोपरा दोरी धर, दोन्ही कर्ण माप. तासाभराने त्याचा फोन. "दोनय सारकेच, बाय. बोटाचोय फरक नाय."

कर्ण जुळले म्हणजे घर काटकोनात. मागची भिंत तीस केली. बटण दाबलं. छप्पर बसलं!! एक फट नाही. खुर्चीवरून उठून चहा करून आणला, सगळ्यांना. करवतवाल्याचे आभार मानले.

२४ एप्रिल, बुधवार
सॉफ्टवेअर कापायची यादीपण देतं. वासे, रिपा, कोपऱ्यांतून आढ्याकडे चढणारे चार लांब कोनवासे, सगळं इंचासकट. यादी थेट लाकडाच्या गिरणीत पाठवली. सगुण कुरकुरला. "बाय, आमी वर धरून मापतांव, मगे कापतांव. आदी कापणत नाय."

मी म्हटलं, "सगुण, ते जुन्या काळी. मॉडेलमध्ये सगळं धरलेलं असतं." ऑफिसात सगळ्यांसमोर म्हटलं. बरं वाटलं.

३० एप्रिल
प्रिंट काढली. कोपऱ्यात माझं नाव, पूर्ण. घरी नेऊन मेजावर ठेवली, बाबांना दिसेल अशी. त्यांनी चष्मा लावून पाहिली. बराच वेळ पाहिली. मागच्या भिंतीवर बोट ठेवलं, मग उचललं. मी वाट बघत होते. "नाव बरां इलां," म्हणाले आणि पाववाला पोदेर आला म्हणून उंडे घ्यायला गेले.

नावाचं म्हणाले. कामाचं नाही.

६ मे, सोमवार
लाकूड आलं. मत्तीचं, सरळसोट. पण सगुण लईराई देवीचा धोंड, म्हणजे भक्त; व्रत चालू. शिरगावची जत्रा रविवारी. त्यानंतरच हत्याराला हात लावणार. गावसबाई निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना थांबायची सवय नाही. "सुलभा, मिरगाक कितले दिस उरले गो?" जसं काही मिरगाचा पाऊस मी आणतेय. घर उघडं आहे त्यांचं, खरं आहे. सामान सगळं शेजाऱ्यांच्या मांगरात.

१५ मे, बुधवार
पुढचे दोन कोनवासे बसले. मागचे दोन नाही. अर्धी वीत आखूड, भिंतीच्या आतच संपतात. सगुणने एकदा धरून पाहिलं, दुसऱ्यांदा धरून पाहिलं, खाली उतरवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागची भिंत पुन्हा मोजली, न्हाणीच्या वरून, सलग. एकतीस फूट.

मग कर्ण कसे जुळले? अंगणात जुने वासे जळणासाठी रचून ठेवलेत. त्यांवर जाऊन बसले, कारण दुसरीकडे बसायला जागा नव्हती. प्रत्येक वाशाच्या टोकाला पटाशीने रेघा मारलेल्या. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला रेघा नाहीत, तीन बोटांची कावळ्याची पावटी. आमच्या घरी माझ्या जेवायच्या पाटाखाली तशीच पावटी आहे, बाबांची पाचाची खूण. मी पाचवं बाळंतपण, जगलेली दुसरी.

वासे आकड्याप्रमाणे ओळीने लावले. प्रत्येक वासा आधीच्यापेक्षा अर्धं बोट लांब. महिनाभर पडलेत इथे. मी रोज त्यांच्यावरून ये-जा करत होते.

१६ मे
सकाळी बाबांना. "हळर्णचं ते घर तुम्ही केलेलं?"
"हय."
"मागची भिंत?"
"फूटभर चड. गायीसारख्यां. तोंडाकडे अरुंद, मागे रुंद. म्हाताऱ्या गावसाक तसांच होयां होतां. घरात इलेलां भायर जायत नाय म्हणतत. दोनय बाजूंक सा-सा इंच दिलंय, मगे कर्ण चुकतले कशे?"
"आणि प्रिंट बघून गप्प बसलात?"
"तू माका इचारलंस खंय?"

एवढं बोलून उंडा चहात बुडवून खात राहिले. मला इतका संताप आला की चप्पल न घालताच स्कूटर काढली. रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक असेल, पुढून अरुंद मागून रुंद, गोमुखी घर. मेस्ताच्या पोरीला ठाऊक नाही. मला कुणी वर नेलंच नाही तर मला कसं ठाऊक असणार? आणि ते म्हणतात मी विचारलं नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून जास्त चीड येते.

करवतवाल्याचं उत्तर पुन्हा काढून वाचलं. कर्णांच्या पुढचंच वाक्य : 'कर्ण सारखे आले तरी मागची भिंत पुन्हा मोजा.' माझं वाचन कर्णांवरच संपलं होतं.

१७ मे, शुक्रवार
साहेब ओरडले नाहीत. "नांव तुजें आसा मगो," एवढंच. नाव द्यायचं ते यासाठी होतं का?

गिरणीवाला : चोवीस फुटी मत्ती आता नाही, पावसानंतर बघू. जोड देऊ का म्हणून सगुणला विचारलं. तो म्हणाला, कोनवाश्याक जोड? सगळो भार त्येचेर.

१८ मे, शनिवार
घरी आले तर बाबा ओसरीवर पाय पसरून बसलेले, समोर मोडलेला खराटा. माडाच्या हिरांचं छप्पर लावत होते जमिनीवर. हीर निसटतो, पुन्हा लावतात. मी बाजूला बसले. त्यांनीच, माझ्याकडे न बघता : "आडां सपाट ठेव. फूट वाश्यांत वाट."

लॅपटॉप आणला. मागची भिंत एकतीस केली. बटणाला हात लावला नाही, एकेक पाखं हाताने काढलं, आढं सपाट धरून. अर्धं अर्धं बोट. दीड तास. ते हीर दाखवायचे, मी वासा घालायचे. छप्पर जुळलं. खरं घर, खरं छप्पर. बाबांनी वाकून पाहिलं. "पाटयेर बरां दिसता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचीही चीड आली.

लाकडाचा प्रश्न मात्र आहे तिथेच.

१९ मे, रविवार
आमच्या माळ्यावर दोन मत्तीचे सोट आहेत. सव्वीस फुटी, वीस वर्षं सुकलेले. दादाच्या घरासाठी ठेवलेले. दादा बोटीवर, म्हापशात त्याचा फ्लॅट आहे, तो इब्रामपूरला घर बांधणार नाही. हे तो सोडून सगळ्यांना माहीत आहे, आणि बाबांना माहीत असून नाही. दर दिवाळीला माळ्यावरून धूळ झाडतात.

आज विचारलं. समोर बसून, सरळ. "बाबा, ते दोन सोट माका द्या. कोनवाश्यांक होये." जन्मात पहिल्यांदा त्यांच्याकडे काही मागितलं.

त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं. मग उठून शिडी लावली, तीन पायऱ्या चढले, हाताने सोट थोपटला, उतरले.

"अजिताक फोन कर," म्हणाले. "ताका इचार."

दादा एका मिनिटात हो म्हणेल. त्याला आठवणारही नाही कुठले सोट. उद्या सकाळी आठला सगुण टेम्पो घेऊन येतो. गावसबाईंचं घर उघडं आहे. फोन मेजावर आहे, मी तीनदा हातात घेऊन ठेवला. दादाने दिलेलं लाकूड मला नको आहे, बाबांनी दिलेलं हवं आहे.

शिडी अजून माळ्याला लावलेलीच आहे. त्यांनी काढली नाही, मीही काढलेली नाही.