चादरीतली वाळू

चिमणे,

आधी एक पापा घे. बाबांचा गुडघा काय म्हणतोय? आई औषध वेळेवर घेते ना? मी मजेत आहे, उगाच काळजी करू नका.

तुला इथे समुद्रावर एकटीनं यायचंय, तेही कमी खर्चात, म्हणून जागा विचारलीस. बसस्टँडजवळ बायकांचं हॉस्टेल आहे, स्वस्त आणि चांगलं. वरच्या मजल्यावरची खोली माग, आतून कडी नीट लागते का बघ. अंधार पडायच्या आत परत ये. कमरेच्या वर पाणी येईल इतकं आत जाऊ नकोस. झालं समाधान?

खरं सांगू? पोटात दुखतंय माझ्या. इतकी वर्षं इथल्या हॉटेलात खोल्या आवरतेय. माझा समुद्र म्हणजे लोकांच्या चादरीतून झाडलेली वाळू. आणि तुझ्या अख्ख्या पत्रात ‘ताई, तूही चल’ एवढं काही सापडलं नाही मला!

आमच्या हॉटेलात मात्र उतरू नकोस. तुझी चादर मी झाडणार नाही.

आईबाबांना नमस्कार, तुला एक चिमटा.

तुझी ताई

सोमवारी मला सुट्टी असते. हे आपलं सहज सांगितलं.