गाडीचं पाणी

४ एप्रिल
टेम्परेचरचा काटा पुन्हा लालवर! मूर्तिजापूर सोडलं आणि चढला. गाडीत टमाटे, वर ऊन, आणि मी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा. अमरावतीला पोचेपर्यंत लिलाव आटोपला होता. व्यापारी म्हणतो, "देवानंदभाऊ, माल आनला का चटणी?" हसलो. काय करणार!

७ एप्रिल
फॅन बेल्ट नवा टाकला. काटा जिथल्या तिथे.

९ एप्रिल
रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस काढला, जाळी धुतली. फरक नाही. गावात सगळेच मिस्त्री! एक म्हणतो थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाक – तो तर वडिलांनीच काढून फेकला होता. आपल्याकडच्या उन्हात ठेवतो कोण? दुसरा म्हणतो, जुनं खटारं विकून टाक. विकून काय करू? दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होऊ? या वयात कोणाचं ऐकून घ्यायचं नाही मला. इंजिन बसलं तर मी संपलो.

बायको म्हणते, पाय सुजले तुमचे. कौशल्याला काय सांगावं! इंजिन मांडीला लागून तापतंय, सुजणार नाहीत तर काय.

१३ एप्रिल
अकोला. मुख्तारभाई मिस्त्री. काट्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. इंजिन तापू दिलं, बंद केलं, आणि रेडिएटरवर वरून खाली हात फिरवला. वर चटका, मध्ये गार. "इथून पानी फिरूनच नाही राहिलं." खोललं तर नळ्यांत पांढरा थर! घरी पाणी तापवायच्या भांड्याला बसतो तसा.

"पानी कोनतं टाकता?"

"घरचं. बोअरचं."

"बाळापूरकडलं? खारं?" त्याने कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, त्या पान्यात डाळ नाही शिजत, अन् तुमी ते इंजनले पाजून राहिले!"

दोघंही पोट धरून हसलो. रोग सापडला एकदाचा!

१६ एप्रिल
रेडिएटर साफ, नवं कूलंट. वरून टाकायचं ते फिल्टरचंच पाणी, अशी मुख्तारभाईची ताकीद. येताना मोठा जार आणला. ओट्याखाली ठेवला, सगळ्यांना बजावलं – हे गाडीचं.

२० एप्रिल
परतवाड्यापर्यंत भरल्या गाडीने गेलो. काटा मधोमध! देवाशप्पथ, डोळ्यांत पाणी आलं.

घरी आलो तर प्रतीक्षा जारमधून पेला भरून पीत उभी. "बाबा, हे पानी गोड लागते."

भडकलोच. "ते गाडीचं हाय! आपल्याले बोअर हाय ना?"

आईनेही माझीच री ओढली. "आमी याच पान्यावर म्हाताऱ्या झालो." पोरगी पेला ठेवून आत गेली. जेवायला आली नाही. इतकं ओरडायला नको होतं. पण गाडी बसली तर तिचं शिक्षण कोण बघणार?

२ मे
सकाळी डोळे सुजलेले. चप्पल चढेना. काटा मात्र मधोमध.

६ मे
माल उतरवताना धाप लागली. कौशल्या ऐकेना, ओढतच अकोल्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. रक्त घेतलं. लघवी, सोनोग्राफी.

८ मे
किडन्या. दोन्ही. आठवड्यातून दोनदा मशीनवर जावं लागेल म्हणे.

"पान्यानं झालं का जी?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकट्या पाण्यावर ढकलता येत नाही. बीपी आहे, अंगदुखीच्या गोळ्या खाता. पण तुमच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातले पेशंट बरेच येतात माझ्याकडे. घरात जेवढे ते बोअरचं पितात, तेवढ्यांचं रक्त तपासून घ्या.

कौशल्या तिथेच रडायला लागली. मी नाही रडलो. पण भीती वाटते – फार वाटते. कोणाजवळ बोलणार? गाडी चालवायची नाही म्हणतात. चावी शेजारच्या धर्मेंद्रला दिली.

११ मे
घरच्यांचे रिपोर्ट आले. कौशल्याचा चांगला आहे. आईचाही, वयाच्या मानाने. प्रतीक्षाचा माझ्यासारखा.