लिनेओची गोळी

मोखोत्लोंग, ३ एप्रिल

ती. पुसेलेत्सोताईस,
सा. न. वि. वि.

फोन सासूबाईंच्या कमरेला असतो, म्हणून टॅक्सीवाल्याच्या हाती पत्र देतेय. एचआयव्ही होऊ नये म्हणून मी रोज गोळी घेते, हे तुला ठाऊकच आहे. डबी मक्याच्या पिठात लपवली होती. काल ती सासूबाईंना सापडली. रोग घेऊन आलीस, आता माझ्या लेकाला खाशील, असं ओरडत त्यांनी सगळ्या गोळ्या चुलीत ओतल्या. मी निरोगी आहे, तशीच राहावी म्हणून घेते, असं सांगितलं, तर म्हणाल्या, म्हणजे माझ्या पोरावर संशय?

त्यांचा लेक मोलेफी खाणीतून ईस्टरला येतोय. रविवारी घरची मोठी माणसं बसणार आहेत. डोकेदुखीच्या गोळ्या होत्या, असं सांगून टाकू का?

तुझा जीव असू दे माझ्यावर.
लिनेओ

मासेरू, ६ एप्रिल

सौ. लिनेओस अनेक आशीर्वाद.

डोकेदुखी म्हणालीस तर बघ! मला हा आजार आहे, मी रोज औषध घेते, आणि माझ्या रक्तात विषाणू आता तपासणीत दिसतही नाही. असं राहिलं की शरीरसंबंधातून तो कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलंय. माझी पोर निरोगी जन्मली. आणि तू, धडधाकट बाई, चोरासारखी लपतेस?

शिवणकारखान्यात रजा मिळेना, नाहीतर मीच येऊन बसले असते त्या मोठ्या माणसांत. लहानपणी मामांच्या बैलापुढे काठी घेऊन उभी राहिली होतीस ना? ही तर नुसती माणसं आहेत. आधी नर्सकडून नव्या गोळ्या आण.

आहेस तशीच भांडखोर राहा.
पुसेलेत्सो

मोखोत्लोंग, १० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

बसले सगळे. चुलतसासऱ्यांनी विचारलं, नवऱ्यावर विश्वास नाही का? मी म्हटलं, विश्वास आहे की नाही ते आमचं आम्ही बघू, पण शरीर माझं आहे. उद्या दोघं तपासून येऊ, मग बोला. सगळे मोलेफीकडे बघायला लागले आणि तो बघत बसला आपल्या बुटांकडे. मग मी सगळ्यांसमोर नवी डबी उघडली, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायले. सासूबाईंनी अंगावरच्या घोंगडीत तोंड लपवलं.

तपासल्याशिवाय जवळ यायचं नाही, असं मी मोलेफीला सांगितलं. तो पहाटेच घोड्यावरून निघून गेला. रडले गं ताई. पण गोळी घेऊनच रडले.

तुझी,
लिनेओ

मासेरू, १३ एप्रिल

सौ. लिनेओस आशीर्वाद.

तुझा नवरा माझ्या दारात येऊन उभा राहिला. गावात तोंड दाखवायची लाज वाटते, इथे तपासायला सोबत ये म्हणाला. गेलो. त्याला आहे, लिनेओ. त्यानेच मला लिहायला सांगितलं. औषध लगेच सुरू झालंय. पहिली गोळी माझ्यासमोर घेतली त्याने.

तू घेशील का घरात, असं विचारत होता. मी म्हटलं, ते तिलाच विचार. शुक्रवारी येतोय. तूही लगेच पुन्हा तपासून घे. मनाविरुद्ध काहीही करू नकोस.

पुसेलेत्सो

मोखोत्लोंग, २३ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मला नाही. नर्सने माझं रक्त पुन्हा तपासलं. मोलेफीला घरात घेतलंय, पण बोलणी भरपूर खाल्लीत त्याने. त्याचं औषध नीट लागू होईतो वेगळे झोपतो. माझी गोळीही चालूच आहे.

सासूबाईंचं म्हणणं, गोळ्या सोडून प्रार्थनेचं पाणी प्यावं. काल त्यांनी चर्चमध्ये ते पाणी प्यायला त्याला पुढे ढकललं. मी उठणार, तेवढ्यात तोच वळून लोकांना म्हणाला, मला एचआयव्ही आहे, हिला नाही, आणि मी गोळ्या सोडणार नाही. मग मीही उभी राहिले. ज्याला बोट दाखवायचं असेल त्याने आत्ताच दाखवावं, म्हटलं. एकही हात वर झाला नाही, ताई!

बाहेर पडल्यावर दोन शेजारणींनी नर्स कधी बसते ते हळूच विचारलं. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं. सासूबाई अजून बोलत नाहीत. नाही बोलल्या तर नाही. उद्या आम्ही तिघी दवाखान्याला निघणार, आणि गावाच्या मधल्या रस्त्याने गात जाणार.

माया वाढती ठेव.
लिनेओ