गाडीतला धप्प

३ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा — धप्प! किल्ली फिरवली, स्टिरिओचा दिवा लागला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच मागच्या स्पीकरमधून तो आवाज. डिकीत कुणी गव्हाचं पोतं टाकावं तसा. एकदाच होतो. मग गाणी छान वाजतात.

माझं पोट गाड्यांमधले आवाज शोधण्यावर चालतं. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात नव्या गाड्या येतात. त्यांच्या दाराची करकर, डॅशबोर्डची कुरकुर, खिडकीची शिट्टी मी शोधायची, तिला दहापैकी मार्क द्यायचे आणि काढून टाकायची. आणि माझ्याच गाडीत हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायकोचा, रंजनीचा, तंजावरहून माहेरून फोन आला होता. "अम्मा म्हणते आडी संपू दे, मग जा." आडी म्हणजे इथला आषाढ. आमच्याकडे कऱ्हाडलाही आषाढात मुली माहेरी जातात, त्यामुळे मी बरं म्हटलं. कोपऱ्यावरच्या अम्मन देवीच्या देवळाचे भोंगे सकाळपासून सुरू आहेत. त्यांना मार्क देणं सोडून दिलंय.

ती यायच्या आत हा आवाज काढायचा. एवढं ठरवलंय.

५ ऑगस्ट

लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच कळणार नाही मी हे सगळं का करत होतो.

जूनमध्ये बाळ गेलं. आठवा महिना लागला होता. पोटातच गेलं. नाळेत काहीतरी झालं, कुणाच्या हातात नव्हतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मुलगी होती. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "पाक्करींगळा सार?" — बघता का? मी नको म्हटलं. विचार करून नाही. तोंडातून निघालं. रंजनीने बघितलं.

दवाखान्यातून तिला घरी आणताना मी किल्ली फिरवली आणि धप्प झाला. रंजनीने झटकन पोटावर हात नेला. डोळे मिटले. घर येईपर्यंत उघडले नाहीत. त्यानंतर ती या गाडीत बसलेली नाही. तंजावरला निघाली तेव्हाही "रिक्षाने जाऊ" म्हणाली. तिची आई, ती आणि दोन पिशव्या, असं मीटरबिटर न बोलता नावलूरच्या घरून थेट एग्मोर स्टेशनपर्यंत रिक्षाने. मी मागून रिकामी गाडी घेऊन गेलो. सामान तरी द्यायचं होतं माझ्याकडे.

मला त्या दिवसापासून काही वाटत नाही. रडू येत नाही, राग येत नाही. भूक लागते. लोक म्हणतात किती धीराने घेतलंस. धीर कसला, आतून बधीर झालोय. दात काढायच्या आधी सुई देतात तसा.

६ ऑगस्ट

ऑफिस. सांबार-भात. झोप.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळीच पार्किंगमध्ये मागची सीट काढली. अँप्लिफायर तिच्या खाली आहे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी स्वतः बसवला होता. कंपनीच्या स्पीकरांचा आवाज मला पातळ वाटायचा. रंजनी तेव्हा म्हणाली होती, "कान तुझे आहेत, गाडी आपली आहे, एवढं लक्षात ठेव." ती तंजावरला वाढली, घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. माझ्या कऱ्हाडी बोलण्याची नक्कल करते. करायची.

काळी वायर गाडीच्या पत्र्याला नीट चिकटलेली नसेल असं वाटलं. पत्रा घासून पुन्हा आवळली. किल्ली फिरवली.

धप्प.

खालच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन येत होत्या. सीट बाहेर बघून "गाडी विकताय का?" म्हणाल्या. नाही म्हटलं. मग त्यांनी रंजनीचं विचारलं. बरी आहे म्हटलं. दोन्ही उत्तरं एकाच आवाजात दिली.

१० ऑगस्ट

सासूबाईंचा फोन. राजसबाई नाव त्यांचं. जावयाला त्या तमिळ पद्धतीने माप्पिळ्ळै म्हणतात आणि पुढे जुन्या पोथीतलं मराठी बोलतात.

"माप्पिळ्ळै, जेवलां कां?"

जेवलो म्हटलं.

"ती कांही बोलत नाही. जेवते, निजते, मागल्या दारीं बसते. आडी सरून आवणी लागली कीं धाडतें. तुम्ही बोलां तिच्याशीं."

बोलतो म्हटलं. मग रंजनीने फोन घेतला. मागे कुकरची शिट्टी होत होती. ती म्हणाली, "ठेवते." मी म्हटलं, "ठेव." हे आमचं बोलणं!

सातव्या महिन्यात चोळीबांगडीला राजसबाई आल्या होत्या. मागच्या सीटवर बसल्या आणि धप्प त्यांच्या पाठीतच झाला. "पोटुशी बाईस असं दचकवूं नये," असं म्हणाल्या होत्या. मी रविवारी काढतो म्हटलं होतं. रंजनी मध्येच म्हणाली होती, "असू दे गं अम्मा, सवय झाली." बाळ गेल्यावर मी त्या आवाजाबद्दल डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, काही संबंध नाही, असलं डोक्यात घेऊ नका. डोक्यात नाही घेतलेलं. पण काढायचाय.

१२ ऑगस्ट

कँटीनमध्ये कौशिकला सांगितलं. तो आणि मी एकाच विभागात. तो त्रिचीचा, माझ्याशी इंग्रजीत बोलतो आणि शिव्या तमिळमध्ये देतो. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला — तक्रार कोणाची?

आमच्या कामात पहिला नियम हाच. तक्रार करणाऱ्याला गाडीत बसवायचं, तो आवाज त्याच्यासमोर काढून दाखवायचा आणि विचारायचं, हाच का? ते झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. नाहीतर माणूस दाराबद्दल बोलत असतो आणि आपण इंजिन उघडून बसतो.

"रंजनीची," मी म्हटलं.

"ती म्हणाली काढ म्हणून?"

म्हटलं, म्हणायला कशाला पाहिजे? मी बघितलं ना. त्याने माझ्या ताटातला अप्पळम, म्हणजे इथला पापड, उचलून खाल्ला. हल्ली सगळे माझ्याशी जपून वागतात, हा एकटा माझ्या ताटातलं खातो. बरं वाटलं असं लिहिणार होतो. पण वाटलं नाही, फक्त लक्षात आलं.

१३ ऑगस्ट

अर्धी रजा टाकून जनरल पॅटर्स रोडला गेलो. गाडीचं जे म्हणाल ते तिथे मिळतं. दुकानदाराने धप्प ऐकला, मान हलवली आणि एक फिल्टर पुढे केला. तो घरघरीवरचा इलाज आहे, धप्पवरचा नाही, हे मला माहीत होतं. हेच तर माझं काम. तरी घेतला. नाही म्हणायला जोर लागतो.

लावला. धप्प. दुकानदार म्हणाला, "सार, गाणं मोठ्याने लावा, कळणार नाही."

१५ ऑगस्ट

सुट्टी. सोसायटीत झेंडावंदन. लाडू मिळाला. दिवसभर झोपलो.

१६ ऑगस्ट, शनिवार

सापडलं.

चूक माझीच होती, आणि शिकाऊ पोराने करावी तशी. अँप्लिफायरला एक बारीक वायर जाते. तिच्यात करंट आला की तो जागा होतो. ती स्टिरिओच्या मागच्या निळ्या वायरला जोडायची असते, म्हणजे आधी स्टिरिओ उठतो, मग तो अँप्लिफायरला उठवतो. त्या दिवाळीला मला घाई होती. निळी वायर पार आत होती, हात पोचत नव्हता. म्हणून मी ती सरळ किल्लीच्या लाइनवर टाकली. झालं उलटं. अँप्लिफायर आधीच कान टवकारून बसलेला, आणि स्टिरिओ उठताना जो बारीकसा झटका देतो तो हा दहापट करून सांगणार. तोच धप्प.

डॅशबोर्ड उघडला, निळी वायर काढली, जोडली. आवाज निम्मा झाला. मग अँप्लिफायरला थोडं उशिरा उठवणारा एक छोटा रिले मध्ये बसवला. किल्ली फिरवली.

काही नाही. दिवा लागला, थोडं थांबून गाणं सुरू झालं. पुन्हा फिरवली. काही नाही. माझ्या कामात अशा गाडीला मी दहापैकी दहा देतो आणि पुढची गाडी मागवतो.

खूश व्हायला हवं होतं. सीट जागेवर बसवली. हात धुतले. काळं निघत नव्हतं, भांड्यांच्या साबणाने घासलं.

१७ ऑगस्ट

आवणी लागली. भोंगे बंद.

रंजनीला सांगितलं की गाडीचं एक काम केलंय, आल्यावर दाखवतो. "सरी," म्हणाली, म्हणजे बरं. आईने साडी दिली म्हणाली. शनिवारी पहाटेच्या गाडीने येते. मी विचारलं, "गाडी घेऊन येऊ ना? बसशील?" ती म्हणाली, "बसते. आता बसायचंय मला."

का आता, ते विचारलं नाही. बसते म्हणाली तेवढं पुरे. घर झाडून घेतलं. त्या खोलीचं दार मात्र उघडलं नाही, आत बाळासाठी आणून ठेवलेलं सगळं तसंच आहे.

२१ ऑगस्ट

ती इथे येऊन पुन्हा गप्पच राहिली तर? तिकडेच राहते म्हणाली तर? मला भीती वाटायला हवी. ही भीती आहे एवढं कळतंय, दुसऱ्याच कुणाची असावी तशी.

२३ ऑगस्ट, शनिवार

एग्मोरला गेलो. ती उतरली. बारीक झालीय. वेणीत फुलं होती, आईने माळलेली असणार, प्रवासात चुरगळलेली. मी पिशवी घेतली. स्टेशनबाहेर कॉफी घेतली दोघांनी. तिने माझ्या बोटांकडे बघितलं आणि "काय काळं लावून घेतलंस?" विचारलं. किती दिवसांनी मला काही विचारलं तिने.

गाडीत बसली. पट्टा लावला. मग दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. मला वाटलं, घाबरलीय. म्हटलं, बघ आता. किल्ली फिरवली.

दिवा लागला. शांतता. गाणं सुरू झालं.

ती तशीच बसलेली. हात तिथेच. मग डोळे उघडून म्हणाली, "आवाज?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं: निळी वायर, रिले, दुकानदार, मार्क. स्टेशनच्या पार्किंगमध्ये बसून मी तिला अँप्लिफायर समजावत होतो! मागचा टॅक्सीवाला हॉर्न देत होता.

ती म्हणाली, "का काढलास?"

म्हटलं, तुझ्यासाठी.

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि ती रडायला लागली. नावलूर येईपर्यंत रडत होती. दवाखान्यातसुद्धा अशी रडली नव्हती. मी गाणं बंद केलं, एवढंच सुचलं. घरी येऊन ती झोपली. मी इथे टेबलाशी बसलोय. कुठे चुकलं ते कळत नाही.

२४ ऑगस्ट

सकाळी रंजनी स्वतःच बोलली. रोज आम्ही दोघं ऑफिसला निघताना धप्प व्हायचा आणि आतून लगेच लाथ यायची. रोज, न चुकता. मी हात ठेवला की ती पोरगी गप्प बसायची, म्हणून मला एकदाही कळलं नव्हतं. "तुझा हात त्या वेळी किल्लीवर असायचा ना," रंजनी म्हणाली. "म्हटलं, एका रविवारी किल्ली मी फिरवेन आणि तुझा हात इथे ठेवेन. गंमत करायची होती, म्हणून आधी सांगितलं नव्हतं. काल तोच आवाज ऐकायला बसले होते."

मी म्हटलं, वायर परत होती तशी करतो. ती नको म्हणाली. मग माझा हात धरून पोटावर डावीकडे, बरगडीच्या खाली नेऊन ठेवला. "इथे मारायची," म्हणाली. "जोरात मारायची. तुझ्यासारखी तापट झाली असती."

मला मुलगी होती. आज कळलं, आणि आजच ती गेली.