मांजरांचा निःपक्षपाती परीक्षक

२ मार्च
मांजर क्लबचा फोन. या महिन्याच्या शोमध्ये परीक्षकपदासाठी माझी शेवटची चाचणी. पास झालो तर लायसन्स, नाहीतर कायमचं घरी. बायकोनं विचारलं, मुळात तुम्हाला मांजरं आवडतात का? म्हटलं, न्यायाधीशाला चोर आवडावे लागतात का? वाद जिंकलो. आनंद व्हायला हवा होता. चहा प्यायलो.

५ मार्च
क्लबचं स्टँडर्ड तोंडपाठ. पर्शियनच्या डोक्याला तीस गुण. मग अंगलोट, केस, डोळ्यांचा रंग. पण सगळ्यांत महत्त्वाचं काय? निःपक्षपातीपणा. जीव लावला की गुण वाढतात. उद्यापासून कुठल्याही प्राण्याकडे बघून हसायचं नाही.

६ मार्च
जमलं. तसंही हल्ली हसायचं राहूनच जातं.

११ मार्च
मुख्य परीक्षक मॅडमनी सराव घेतला. म्हणाल्या, डोळ्यांपेक्षा हातांवर विश्वास ठेवा, केसांखालचं मांजर बघा. बाईंची नजर अधू झाली असणार. येताना जाड रबरी हातमोजे घेतले. ओरखडे नकोत, शिवाय प्रोफेशनल दिसतात. बायको म्हणाली, अहो, हे भांडी घासायचे आहेत. दृष्टिकोनाचा प्रश्न.

१८ मार्च, सकाळ
आज शो. पोटात गोळा नाही, धडधड नाही. म्हणजे तयारी पक्की.

१८ मार्च, संध्याकाळ
पांढऱ्या पर्शियनला पहिला नंबर दिला. काय केस! बाकीची फिस्कारत होती, ही टेबलावर ढिम्म. स्वभावाचे पूर्ण गुण दिले. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि थांबल्या. विचारलं, तुमच्या हाताला काय लागलं? म्हटलं, काहीच नाही.
केसांखाली नुसती हाडं होती म्हणे. अंगात ताप. मालकीणबाई रडायलाच लागल्या, पंधरवड्यापासून नीट खात नव्हती, पण इतकी तयारी केली होती... डॉक्टरांना बोलावलं. तेवढ्या वेळात मी गुणांची बेरीज पुन्हा तपासली. बरोबर होती.

१९ मार्च
नापास. मॅडम म्हणाल्या, राग मानू नका, पण तुम्ही मांजर पाहिलंच नाहीत. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मत्सर, दुसरं काय. वाईट वाटेल म्हणून बराच वेळ बसून राहिलो. वाटलं नाही. झोपलो.

२ एप्रिल
क्लबनं नवी जबाबदारी दिली. एक मांजर उचललं की दुसरं यायच्या आत टेबल पुसायचं. स्वच्छतेशिवाय परीक्षण अशक्य, तेव्हा पद तसं वरचंच.

९ एप्रिल
टेबल जरा जास्तच ओलं पुसलं गेलं. एक पिवळा बोका घसरला, खाली पडणार तोच धरला. त्यानं माझ्या कोपरात तोंड खुपसलं आणि घुरघुरायला लागला. गरम होता. चांगलाच जड होता. माझे डोळे भरून आले, सगळ्यांसमोर. मॅडमना दोनदा म्हणावं लागलं, द्या इकडे.
त्यांनी त्याला शेवटचा नंबर दिला. बरोबरच आहे. कान मोठे, नाक लांब, शेपटीला बाक. मी पहिला दिला असता. पण मला कोणी विचारलं नाही. टेबल पुसलं.