वेढ्यातला पैलवान

१४ ऑक्टो.
तालमीत आज तिघंच. माती उकरून ताक-हळद घातली, पण तिच्यात लोळायला पोरं कुठली? मंगळवार पेठेत आता जिम झालेत, आरसेवाले.
माझा जुना पठ्ठा इद्रीस, त्याचा फोन लागत नाही. सुदानात दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसल्यात आणि मध्ये त्याचं दिलिंग गाव वेढ्यात. धान्य आत जात नाही, माणूस बाहेर येत नाही. आपल्या पेपरात यातली एक ओळ नाही.

१९ ऑक्टो.
जुने फोटो काढून बसलो. कॉलेजसाठी आलेलं पोर. पहिल्या दिवशी तालमीच्या दारात उभं राहून म्हणालं, आमच्या गावातपण कुस्ती असते. माती उचलून कपाळाला लावली, तेवढ्यावर ठेवून घेतला. माझ्याच माडीवर राहिला, शिकून जाईपर्यंत. तेव्हा ही होती. हिनंच त्याला भाकरी खायला शिकवलं आणि शिव्याही. आता ही नाही. माडीला कुलूप.

२ नोव्हें.
इ.चा आवाज आला! मोबाइलवर बोलून पाठवलेला निरोप, जेमतेम तीन वाक्यं. "वस्ताद, जित्ता हाय. आई बी हाय. नेट कवातरी मिळतंय."
आनंदाच्या भरात मी उलट बोललो, "खुराक काय चाललाय रं?" सवय. जन्मभर पोरं भेटली की हेच विचारत आलो. पाठवल्यावर कळलं काय बोलून बसलो ते. पुसता येतं म्हणे, मला येत नाही.

३ नोव्हें.
उत्तर आलं. "शेंगाची पेंड, वस्ताद. म्हशीला घालत्यात की, ती. भिजवून खातोय." आणि हसला. हसायला नको होतं त्यानं.
सकाळचं दूध प्यालो नाही. दुपारी प्यालो. मी उपाशी राहून त्याचं काय भरणार आहे?

२३ नोव्हें.
वैशाली पुण्याहून आली होती. म्हणाली, "आबा, किती जिवाला लावून घ्याल? इथं बसून तुम्ही काय करणार?"
लेक आहे, बरोबर बोलली. मी म्हटलं, तो आहे एवढं कळलं तरी बास. खोटं. मला तो माडीवर पाहिजे. जेवताना समोर कुणीतरी पाहिजे. हे तिला सांगितलं तर म्हणणार, चला मग पुण्याला.

१६ डिसें.
मलकापूरला मैदानात पंच म्हणून गेलतो. एकानं विचारलं, "वस्ताद, तुमचा त्यो सुदानचा पैलवान कुठं असतोय?" सांगितलं सगळं. "आयला, लांब हाय की," म्हणाला आणि पुढची जोड बघायला लागला. राग आला. मग वाटलं, मलातरी इद्रीस यायच्या आधी सुदान कुठं माहीत होतं.
इ.चा निरोप नाही.

२८ जाने.
वेढा उठला! वै.नं वाचलं आणि लगेच फोन केला. पाव किलो पेढे आणले. तालमीत वाटले तरी उरले. पोरं विचारतात, "कुणाला नोकरी लागली, वस्ताद?"

३० जाने.
व्हिडिओवर दिसला. आधी वाटलं, त्याचा बाप आहे. मान गेली त्याची. पैलवानाची मान सगळ्यात शेवटी जाते.
मी निरखतोय हे कळलं तसा त्यानं फोन आईकडं फिरवला. ती खाटेवर. उभं राहायला येत नाही तिला.
बजावलं, धान्य आलं म्हणून तुटून पडू नकोस. आधी ज्वारीची पेज, पातळ. दोघांनी.

१ फेब्रु.
इ.: "रस्ता परत बंद हुनार म्हणत्यात. गाड्या न्हाईत. पुढच्या गावापतुर चालतच जायाचं. आईला पाठीवर घ्यावं लागंल. वस्ताद, किती दिस खाल्लं की तेवढी ताकद येईल?"
नेमकं मलाच विचारलं त्यानं. खरं उत्तर, दोन महिने. तोवर रस्ता थांबतोय होय?
दुपारभर फोन हातात धरून बसलो. मग बोललो, "थांबू नगंस. उद्या उजाडलं की नीघ. म्हातारीचं वजन ऱ्हायलंय किती. जमतंय तुला."
तयारी नसलेलं पोर मी मैदानात कधी उतरवलं नाही. बाप पाया पडायचे, तरी नाही.
"बरं, वस्ताद," एवढंच आलं. उलटून बोलायची त्याला खोडच नाही.

४ फेब्रु.
वै.नं फोनवर वाचून दाखवलं. त्याच रस्त्यावर ड्रोननं मारा केला. चालत निघालेली माणसं गेली. किती, कोण, काही नाही. वै. म्हणाली, "आबा, तो त्यात असेलच असं नाही." तिला माहीत नाही, नीघ म्हणून मी सांगितलंय.
इ.ला फोन. लागत नाही.

९ फेब्रु.
नाही.
तालीम उघडली नाही. पोरं दारावरनं परत गेली.

११ फेब्रु.
पोरांनी ऐकावं म्हणून आयुष्यभर घसा फोडला. न ऐकणाऱ्याला काठी घातली. इद्रीसनं एवढं एकदा माझं ऐकलेलं नसावं. आईजवळ घरातच बसलेला असावा, आणि मी ओरडेन म्हणून फोन उचलत नसावा.
सकाळी निरोप ठेवला: न्हाई निघालास तर न्हाई. रागावत न्हाई मी.